आडवं न आलेलं रोही

परत येऊन बरेच दिवस झाले तरी माझा राग उतरलेला नाही. चिपळुणातल्या शेजारणी विचारतात, "अमरावतीला काय पाहिलंस?" त्यांना देवीचं देऊळ, संत्र्याच्या बागा, असं काहीतरी ऐकायचं असतं. मी सांगायला लागते, माझा आवाज चढतो आणि मग कुणाला गॅसवरचं दूध आठवतं, कुणाला उन्हातले पापड. म्हणून आता लिहूनच काढते. कुणाला मधेच उठून जायचं असेल तर खुशाल जावं.

माझं काम आधी सांगते, कारण ते सांगितलं की लोक हसतात. एकत्र काम करणाऱ्या माणसांना मी गोल बसवते आणि बोलतं करते. तुम्ही एकमेकांच्या मदतीला कधी धावता, कधी नाही, धावता तेव्हा त्या मदतीने समोरच्याचं खरंच भलं होतं का, हे त्यांचं त्यांनीच तपासायचं. मी फक्त प्रश्न विचारते. "याचे पैसे मिळतात?" असं माझ्या सख्ख्या दिराने विचारलं होतं. मिळतात. माझा नियम एकच, बैठकीत साहेब नको. साहेब बसला की माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, साहेबाशी बोलतात.

अमरावती

बोलावणं एका धर्मादाय नेत्र रुग्णालयाचं होतं. नाव लिहीत नाही. मोठं रुग्णालय अमरावतीत, शाखा अकोल्याला. शाखेची माणसं गाडी घेऊन खेड्यापाड्यांत जातात, म्हाताऱ्यांचे डोळे तपासतात, मोतीबिंदू असेल त्यांना गाडीत घालून अकोल्याला आणतात, ऑपरेशन करून परत सोडतात. काम सोन्यासारखं आहे, हे राग बाजूला ठेवून सांगते.

सकाळी गाडी अमरावतीत शिरली तेव्हा दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन होती, सपाट, नजर जाईल तिथवर. आमच्या कोकणात नजर जाते ती समोरच्या डोंगरापर्यंत आणि तिथून आपटून परत येते. इथे ती परतच येईना. थंडीचे दिवस होते, कापसाची शेवटची वेचणी चालली होती आणि रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस चिकटला होता.

रुग्णालयाच्या दारात फ्लेक्स. 'आम्ही एक कुटुंब'. खाली प्रशासक साहेबांचा फोटो डोक्याएवढा आणि कर्मचाऱ्यांचे फोटो अंगठ्याएवढे. आत समोर सोफे, सोफ्यांवर विश्वस्त. मागे प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यांवर ज्यांच्यासाठी मी एवढा प्रवास केला ती माणसं. दीपप्रज्वलन झालं, परिचय झाला, परिचय करून देणाऱ्याचा परिचय झाला. मग माझा सत्कार. शाल आणि नारळ. कोकणातल्या बाईला नारळ! घरामागे त्याचा ढीग पडलाय. साहेब पाऊण तास बोलले. "आपल्याकडे कोणी कर्मचारी नाही, सगळे माझी लेकरं." समोरची लेकरं पन्नाशीची होती आणि जांभया दाबत होती. माझ्या वाट्याला उरली ती दहा मिनिटं, आणि त्यातही साहेब पहिल्या रांगेतून हलले नाहीत.

मी एवढंच म्हटलं, "खरी बैठक मी अकोल्याला घेईन. आधी तुमच्याबरोबर शिबिराला येते, काम बघते."

संध्याकाळी अकोल्याच्या शाखेतल्या दोघी मला गिला वडा खायला घेऊन गेल्या. मऊ वडा, वर दही आणि वर डोळ्यांतून पाणी काढणारं तिखट. उज्ज्वला सिस्टर म्हणजे शिबिराची कर्तीधर्ती, ठेंगणी, आवाज मात्र सहा फुटी. रेहाना डोळे तपासणारी, कमी बोलणारी, समोरच्याच्या डोळ्यांत रोखून बघायची सवय लागलेली. मी डोळे पुसायला लागले तशी उज्ज्वला म्हणाली, "काऊन मॅडम, तुमच्या तिकडं तिखट भेटत नाही का?"

"मिळतं. पण ते जेवणात घालतात, सूड म्हणून नाही."

दोघी खळखळून हसल्या. माणसं मला आवडली, आणि म्हणूनच पुढचं सगळं जास्त लागलं.

पातूरच्या पलीकडे

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. गाडी शालिकभाऊंची. गाडी रुग्णालयाचीच, पण तिच्यावर हळदीकुंकू वाहणारे, तिची काच स्वतःच्या रुमालाने पुसणारे हेच. पन्नाशी ओलांडलेले, पांढऱ्या मिशीचे, मृदू बोलणारे. त्यांच्या शेजारी पुढे उज्ज्वला, मागे रेहाना आणि मी.

मूर्तिजापूरला चहा झाला तोवर माझ्या लक्षात आलं की उज्ज्वला अखंड बोलते आहे. "डावीकडून सायकल येऊन राहिली भाऊ. उजवीकडं बकऱ्या हायेत. तो म्हातारा रस्ता पार करते बहुतेक, थांबा जरासे." शालिकभाऊ "हो माय" म्हणायचे आणि गाडी अलगद सावरायचे. उज्ज्वला दम घ्यायला थांबली की मागून रेहाना सुरू, "भाऊ, डावीकडं बैलगाडी." मला वाटलं, वऱ्हाडात गाडी चालवणं हा सामुदायिक कार्यक्रम असावा. आमच्या आळीतही एक जण फणस उतरवतो आणि पाच जण खालून सूचना देतात. मजा वाटली मला. चालताना, खाताना, गाडीत बसल्यावर ही माणसं एकमेकांना सोडतच नाहीत, असं मनाशी म्हटलं आणि झाडं बघत बसले.

अकोला मागे टाकून पातूर गाठलं. जुन्या लेण्यांच्या पाटीकडे मी आशेने पाहिलं, उज्ज्वलाने "येताना पाहू" म्हणून आशा संपवली. घाट चढून पलीकडच्या गावी पोचलो. शाळेच्या व्हरांड्यात म्हाताऱ्यांची रांग कधीचीच लागली होती.

मग जे काम मी पाहिलं ते पाहत राहावं असं होतं. रेहाना टॉर्च घेऊन एकेकाच्या डोळ्यात बघत होती, आणि बघता बघता "आजी, सून कशी हाय?" विचारत होती. उज्ज्वला रांगेतल्या भांडणांचा निवाडा करत होती. शालिकभाऊ ज्यांना चालवत नाही त्यांना अक्षरशः उचलून आणत होते. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं, तरी एकाचा हात रिकामा झाला की दुसऱ्याच्या कामाला लागत होता. साहेबांनी मला एवढ्या लांबून बोलावलं होतं ते यांना 'सहकार्य' शिकवायला. मला हसावं की रडावं कळेना.

दुपारी गावकऱ्यांनी रोडगे केले होते. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची, फोडून तुपात बुडवायचे, बरोबर वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. आमच्याकडे पाहुण्याला "अजून वाढू का?" असं विचारतात की त्याने नाहीच म्हणावं. इथे विचारतच नाहीत, ताटात टाकतात. तिसरा रोडगा पडला तेव्हा मी हात आडवा धरला, तर वाढणारा म्हणाला, "हात काढा बाई, भाजन." मी काढला.

परतीची वाट

निघायला ऊन कलंडलं. गाडीत ऑपरेशनसाठी निवडलेले पाच-सहा म्हातारे-म्हाताऱ्या, पिशव्या, एक काठी, एक पाण्याची कळशी. घाट उतरताना एका आजींना मळमळायला लागलं. उज्ज्वला त्यांना धरायला मागे गेली आणि मला म्हणाली, "मॅडम, तुमी पुढं बसा." रेहाना आधीच मागे दुसऱ्या एकीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मी पुढे बसले, हवा लागते म्हणून खूशही झाले.

घाट संपला, सपाटी लागली. सूर्य बुडालेला, उजेड अजून होता. रस्त्याच्या डाव्या कडेला कापसाने भरलेली ट्रॉली उभी होती, मागे दिवा नाही, पण एवढी मोठी वस्तू, मला केव्हापासून दिसत होती. मला वाटलं, आता हे गाडी बाजूला घेतील. आता घेतील. मग मी किंचाळले. शालिकभाऊंनी स्टिअरिंग फिरवलं, डावा आरसा ट्रॉलीवर आपटून उडाला, पत्रा कर्रकन ओरखडला, आणि गाडी रस्ता ओलांडून पलीकडच्या तुरीच्या शेतात शिरून थांबली.

एका आजीच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं, कळशी सांडून सगळे भिजले होते, बाकी देवाची कृपा. मग मागून एक आजोबा शांतपणे म्हणाले, "काहो, मोतीबिंदू मले हाय का डायवरले?"

म्हातारे हसले. उज्ज्वला, रेहाना आणि शालिकभाऊ हसले नाहीत. आणि तिथे, तुरीच्या शेतात, मला सकाळपासूनचं सगळं समजलं.

सगळ्यांना खाली उतरवल्यावर उज्ज्वला मला बांधाशी घेऊन गेली. "मॅडम, रोही आडवं आलं. कोनी विचारलं तं तसंच सांगजा."

रोही म्हणजे नीलगाय. तिकडे शेतांतून कळपाने फिरतात, गाड्यांना आडव्याही येतात. पण इथे शेपूटसुद्धा दिसलं नव्हतं.

"कुठलं रोही? त्यांना दिसत नाही! कधीपासून?"

"साल होत आलं," ती खाली बघून म्हणाली. "समोरचं दिसते त्याहिले. बाजूचं दिसत नाही. आमी सांभाळतो नं."

"सांभाळता? आत म्हातारी माणसं होती, उज्ज्वला! ती तुमच्या भरवशावर चढली गाडीत!"

मी तरातरा गेले आणि किल्ली काढून घेतली. शालिकभाऊ स्टिअरिंगवर हात ठेवून बसून होते, त्यांनी प्रतिकार केला नाही. "आता मी इथून हलणार नाही," मी म्हटलं. "दुसरा चालवणारा मिळेपर्यंत रात्र झाली तरी चालेल."

रेहाना हळूच म्हणाली, "मले येते. भावाची पिकअप चालवतो मी."

हिला गाडी चालवता येते! सकाळपासून ही मागे बसून बैलगाड्या मोजत होती! तिने गाडी शेतातून काढली आणि सावकाश, नीट, अकोल्यापर्यंत आणली. शालिकभाऊ मागे म्हाताऱ्यांत बसले.

अकोला

सकाळी बैठकीच्या खोलीत गेले तर साहेब हजर. हातात गुच्छ. त्यांना कुणीतरी रोह्याची हकिगत कळवली होती.

"मॅडम, बघितलंत ना? जनावर आडवं आलं, तरी आमच्या टीमने एकाही रुग्णाला धक्का लागू दिला नाही! याला म्हणतात कुटुंब. यांना मी यंदाची उत्कृष्ट टीम जाहीर करतो." आणि त्यांनी गुच्छ शालिकभाऊंपुढे धरला, थोडा बाजूने. शालिकभाऊंचा हात भलतीकडेच गेला. उज्ज्वलाने चटकन गुच्छ घेऊन त्यांच्या हातात दिला. साहेबांच्या काहीही लक्षात आलं नाही. डोळ्यांच्या दवाखान्याचा प्रशासक, हातभर अंतरावर उभा!

"साहेब, तुम्ही बाहेर जा," मी म्हटलं.

"मी? मी तर कुटुंबप्रमुख."

"म्हणूनच."

ते गेले, दार जरा जोरातच लावून. आम्ही चौघं गोल बसलो. मी नेहमी शांत प्रश्नाने सुरुवात करते. त्या दिवशी जमलं नाही. "तुम्ही रोज डोळे तपासता," मी म्हटलं, "आणि वर्षभर या माणसाला तपासणीच्या खुर्चीवर बसवलं नाहीत? याला तुम्ही साथ देणं म्हणता? तुम्ही त्यांचा आजार जपलात, माणूस नाही जपला!"

उज्ज्वला ताडकन उठली. "तुमाले बोलाले काय जाते मॅडम? तुमी उद्या चिपळूनले जान! आमच्या इथं शोभाबाई होती, वार्डात. पाठ दुखते म्हनून सांगतलं तिनं, खरं खरं सांगतलं. दुसऱ्या दिवशी साहेब म्हने, आराम करा, येऊ नका. आजपावेतो आरामच करून राहिली ते. दोन घरची भांडी घासते त्याच पाठीनं. मंग आमी कोनाले सांगाचं? सांगतलं का मानूस गेला!"

माझा राग तिच्यावरून सुटला आणि बंद दाराकडे गेला. या खोलीत 'मनमोकळं बोला' म्हणणं म्हणजे माणसाला विहिरीत वाकून बघ म्हणण्यासारखं होतं, आणि मला त्यासाठीच आणलं होतं. कुटुंब म्हणे! कुटुंबात आजारी पडलेल्याला अंथरूण मिळतं. इथे त्याला दार मिळत होतं.

रेहाना इतका वेळ खिडकीकडे बघत होती. "मले मालूम होतं," ती म्हणाली. "दुरून पाहूनच समजते. खुर्चीत बसवलं असतं तं नोंद करा लागली असती. म्हनून मी त्याहिच्या डोयात पाहतच नव्हतो. रोज सलाम करतो, अन् खाली पाहतो." आणि ती रडायला लागली.

शालिकभाऊ उभे राहिले. "चल बेटा," ते म्हणाले. "आता पाहून घे."

तपासणीच्या खोलीत मीही गेले, त्यांनीच चला म्हटलं. यंत्राआधी रेहानाने साधी परीक्षा घेतली. त्यांना समोर, तिच्या नाकाकडे बघायला सांगितलं आणि बाजूने बोट आत आणायला लागली. "दिसलं का सांगा भाऊ." बोट त्यांच्या कानाजवळून निघालं, गालापाशी आलं, डोळ्याच्या कोपऱ्यापाशी आलं. शालिकभाऊ गप्प. बोट जवळजवळ नाकासमोर आलं तेव्हा म्हणाले, "आता." दुसऱ्या बाजूनेही तसंच. नंतर यंत्रं झाली, डॉक्टर आले. दोन्ही डोळ्यांना काचबिंदू. डॉक्टर तरुण होते, सरळ बोलले. गेलेली नजर परत येत नाही. थेंब नियमाने घातले तर उरलेली टिकवता येईल. सुरुवातीलाच थेंब सुरू झाले असते तर बरीच वाचली असती.

मोतीबिंदू असता तर याच इमारतीत निघाला असता. मला त्या भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

साहेबांना सांगावंच लागलं. त्यांनी क्षणभर दुःखी चेहरा केला, मग तो काढून ठेवला. "शालिकराव, तुम्ही आता आराम करा. उद्यापासून यायची गरज नाही."

हेच वाक्य! मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही, छापण्यासारखं नाही. एवढं आठवतं की मी म्हटलं, "तुमच्या भीतीने या माणसाचे डोळे गेले, आणि आता तुम्ही त्याला डोळे गेले म्हणून काढताय." साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही पाहुण्या आहात." मी म्हटलं, "मग पाहुणीचं मानधन ठेवा आणि माझं ऐका. गाडी रेहानाला द्या, नवीन माणूस बघा, काही करा. पण शिबिरात रुग्णांना उचलून आणायला आणि धीर द्यायला यांच्याहून बरा माणूस तुम्हाला मिळणार नाही."

त्यावर उज्ज्वला पुढे झाली. "रोही मीनं सांगतलं होतं साहेब. खोटं. भाऊले काढता तं मले बी काढा."

"मले बी," रेहाना म्हणाली. "नोंद मीनं केली नव्हती."

साहेब या दोघींकडे बघत राहिले. पुढच्या शिबिराचे फलक गावोगाव लागले होते आणि या दोघींशिवाय तो व्हरांडा चालणार नव्हता. "पाहू," ते म्हणाले आणि निघून गेले. त्यांचं 'पाहू' अजून चालू आहे. शालिकभाऊ शिबिरांना जातात, मागच्या सीटवर बसून. हुकूम मात्र निघालेला नाही, आणि मी दर आठवड्याला फोन करून साहेबांची सकाळ खराब करते.

माझी गाडी दुपारची होती. निघताना पाहिलं तर शालिकभाऊ बाहेरच्या बाकावर बसले होते, खिशात थेंबांची नवी बाटली. उज्ज्वला त्यांच्या शेजारी टेकली आणि फुटून रडायला लागली. "भाऊ, तुमच्यासाठीच केलं हो आमी सारं. तुमची भाकर जाऊ नये म्हनून. सदा तुमच्या बाजूले बसली मी."

शालिकभाऊंनी मान पूर्ण वळवली, पण ती त्यांना सापडेना. मग बाकावरच सावकाश फिरले आणि ती समोर आल्यावर थांबले.

"माय," ते म्हणाले, "बाजूचंच तं दिसत नाही मले. एक डाव समोर येऊन सांगतलं असतं."